जेफचा पक्षी

मंगळवार, रात्र

काल पुन्हा 'ल सामुराई' लावला. दादाच्या फोननंतर झोप येणार नव्हतीच.

दिग्दर्शक मेलव्हिलचा १९६७ चा हा फ्रेंच सिनेमा मला जवळजवळ पाठ आहे. पॅरिसमधली करडी खोली, पलंगावर पडून सिगारेट ओढणारा भाडोत्री मारेकरी जेफ, आणि पहिली सुमारे दहा मिनिटं कोणाच्या तोंडून शब्द नाही. कॉलेजात असताना ही शांतता मला हवीशी वाटायची. आपलीही अशीच खोली असावी, कोणाला हिशेब द्यायला नको.

ती खोली आता आहे. आणि काल माझं लक्ष जेफ झालेल्या आलाँ दलाँवर नव्हतंच, त्याच्या खोलीतल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर होतं.

जेफ बाहेर असताना पोलीस खोलीत शिरून छुपा मायक्रोफोन लावून जातात. तो परततो तर पक्षी बावरलेला, पिसं गळलेली. त्यावरून त्याला कळतं, कोणीतरी येऊन गेलं. त्याची मैत्रीण जान त्याच्यासाठी पोलिसांना तोंड देते, पण तिच्याकडेही तो, खुनाच्या वेळी आपण तिथे होतो अशी साक्ष जुळवायलाच जातो ना! त्याच्या घरचं असं कोणी असेल तर तो पक्षी.

माझ्या खोलीत कोणी येऊन गेलं तर मला कोण सांगेल? मीच दोन दिवस उठले नाही, तर? रडू आलं. सुमाला लिहायला घेतलं, मग राहू दिलं.

चित्रीकरण चालू असतानाच मेलव्हिलचा स्टुडिओ जळाला, त्या आगीत तो पक्षीही गेला. हे मी कधीतरी वाचलं होतं. विसरले कशी?

शेवटी जेफ क्लबात जातो, हॅट ठेवायला देतो, पण तिचा बिल्ला काउंटरवरच सोडतो. तिथल्या पियानोवालीवर रोखलेल्या पिस्तुलात गोळ्याच नसतात, आणि पोलीस त्याला गोळ्या घालतात. मरायचं त्याचं आधीच ठरलेलं. इथे पूर्वी मला भारून जायला व्हायचं. काल एवढंच वाटलं, अरे, त्या पक्ष्याला आता दाणापाणी कोण घालणार? सिनेमा त्या खोलीत परत जातच नाही.

एकटं राहायचं मीच ठरवलं, ते काही मोडायचं नाही. या घराचा मला कंटाळाही नाही. पण गाड्या चोरायला जेफकडे किल्ल्यांचा केवढा जुडगा, आणि त्याच्या दाराची किल्ली मात्र कोणाकडेच नाही. ते रात्रभर डोक्यात राहिलं.

सकाळी जादाची किल्ली शेजारच्या काकूंना देऊन आले. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "चहा घेऊन जा."