आधी योरुबा पुराणं वाचायला हवीत का?

अमोस टुटुओलाची ‘द पाम-वाइन ड्रिंकर्ड’ वाच असं ज्याला म्हणून सुचवतो, तो थोड्याच दिवसांत विचारतो, ‘आधी योरुबा, म्हणजे नायजेरियातल्या त्या जमातीच्या, दंतकथा वाचायला हव्यात का? काही संगतीच लागत नाही.’ तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो: नको. संगती देवादिकांत शोधू नका, हिशेबात शोधा.

टुटुओला नायजेरियाच्या अबेओकुटाचा, शाळा जेमतेम झालेली, लागोसच्या सरकारी मजूर खात्यात निरोप्या. 1952 साली ही कादंबरी लंडनला छापली गेली. नायक अट्टल ताडीबाज. त्याची ताडी काढणारा झाडावरून पडून मरतो, आणि हा त्याला परत आणायला थेट मेलेल्यांच्या गावी निघतो. वाटेत काहीही घडतं, पण आकडा चुकत नाही. एका झाडात शिरताना नायक आणि त्याची बायको आपलं मरण 70 पौंड 18 शिलिंग 6 पेन्सला विकतात, आणि भीती महिना 3 पौंड 10 शिलिंग व्याजानं देतात. बाहेर पडताना भीती परत मिळते. मरण विकलेलं, ते गेलं ते गेलंच. म्हणजे पुढे दोघं मरणार नाहीत, घाबरणार मात्र सारखे! भुताखेतांच्या गोष्टीत असा व्यवहार मी दुसरीकडे पाहिला नाही.

बाजारातला तो देखणा पुरुष घ्या. एक मुलगी भाळून त्याच्यामागे रानात जाते, आणि तो वाटेत एकेक अवयव ज्याचा त्याला परत करत सुटतो. पाय, पोट, छाती, हात, सगळं भाड्याचं. भाडंही चोख चुकतं करतो. शेवटी उरते नुसती कवटी. त्याचं रूप इतकं, की तो गावात असेपर्यंत बॉम्बसुद्धा फुटणार नाही, असं निवेदक सांगतो. महायुद्ध नुकतंच संपलेलं होतं, हे इथे चटकन लक्षात येतं.

इंग्रजी वेडीवाकडी आहे, पण ती मोठ्यानं वाचून बघा. वेल्श कवी डिलन थॉमसनं तोंडभरून कौतुक केलं. शिकलेल्या नायजेरियनांपैकी बऱ्याच जणांना मात्र हा जगासमोर आपली शोभा करतोय असं वाटलं. मला त्यांचा रागही समजतो.

मधे एकामागून एक अक्राळविक्राळ प्राणी येतात तिथे मी कंटाळतो. तिथली पानं खुशाल उलटा. गोडी लागली तर योरुबा लेखक फागुन्वाची 1938 ची योरुबा भाषेतली कादंबरी घ्या, नायजेरियन नाटककार वोले सोयिंकांनी ती इंग्रजीत आणली आहे. टुटुओलानं बरंच तिथूनच उचललंय, पण ती नंतर.