युगुलगीत, नोंद सहावी: पट्टी सापडली, मी हरवलो

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं फक्त रडगाणं होतं. परवा रात्री मात्र मुखडा जमला. दोघांचा, एकत्र, कुणाच्याही मानेच्या शिरा न ताणता!

कुठे अडलो होतो ते मागची नोंद वाचलेल्यांना आठवत असेल. चाल मध्य षड्जापासून (मधल्या सा पासून) तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत) जाते. मला ती काळी एक या पट्टीत बसते (म्हणजे पेटीची पहिली काळी कळ हा सा), माझ्याबरोबर गाणारीला काळी चारमध्ये. काळी एकमध्येच तिने एक सप्तक वर गायलं तर तिचा तार गंधार ६९८ हर्ट्झवर जातो आणि प्रेमगीताची किंकाळी होते. काळी चार धरली तर माझा षड्ज १०४ हर्ट्झवर उतरतो. तो टेक ऐकून ती म्हणाली, "अरे, तू प्रेमात आहेस की तापात?"

"मधली पट्टी घ्या" हा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. घेतली, पांढरी तीन. तिथे आम्ही दोघं अगदी त्याच सुरांवर येतो, फक्त माझ्यासाठी ते छपराला टेकलेले आणि तिच्यासाठी जमिनीला. मी वर ओरडतोय, तिच्या खालच्या सुरांत नुसती हवा. पट्टीचं गणित सरासरीने सुटत नाही, हे कळायला मला नऊ टेक लागले. मग तिचा काळी चारचा टेक सॉफ्टवेअरने सात अर्धस्वर खाली ओढूनही पाहिला. एक-दोन अर्धस्वर निभतात. सात ओढले की चांगला आवाज ओल्या रबरासारखा लागतो. तो प्रयोग पुसून टाकलाय, मागू नका.

तोडगा निघाला तो चुकीच्या बोटातून. माझ्या कडव्याची शेवटची ओळ पंचमावर थांबते. ती वाजवताना बोट शुद्ध मध्यमाऐवजी (म) अर्धा सूर वरच्या तीव्र मध्यमावर पडलं आणि खोलीत एकदम खिडकी उघडल्यासारखं झालं. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चारचा षड्ज! दोन्ही पट्ट्यांचे शुद्ध स्वर मांडून बघा, फरक फक्त एका सुराचा: जुना तीव्र मध्यम हाच नवा निषाद. शिकताना मूर्च्छना (दुसऱ्याच सुराला सा मानणं) घोकली होती, पण स्वतःच्या गाण्यात ती सुचायला चूक व्हावी लागली.

आता रचना अशी आहे. मी "थांब" हा शब्द पंचमावर धरतो. खाली ऋषभाचा कॉर्ड येतो (जुन्या पट्टीतले रे, तीव्र म, ध एकत्र), एक मात्रा रिकामी जाते, आणि ती "थांबले" म्हणत त्याच सुरावर उतरते. तोच सूर, तेच सप्तक, २०८ हर्ट्झ. मी सोडला तो तिने उचलला. काळी एककडे परतायला कोमल निषाद पुरतो, त्यात कौतुक काही नाही. त्या रिकाम्या मात्रेत तिचा श्वास ऐकू येतो. सवयीने तो मी कापून टाकला होता; कापल्यावर दोघं वेगवेगळ्या शहरांत उभे राहून गातायत असं वाटलं. श्वास परत जागेवर ठेवला.

मुखडा काळी चारमध्येच ठेवला. चाल ती गाते, मी खालून हार्मनी (जोडीचे सूर) देतो. ती तार गंधारावर असताना मी पंचमावर, ३११ हर्ट्झ. माझ्या गळ्याला इतकं सोपं की पहिल्यांदाच गाताना शब्दांकडे लक्ष गेलं. (दुसऱ्या कडव्यातला एक शब्द भयंकर आहे, बदलणार आहे.)

माइकबद्दल थोडं. कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक) परत डब्यात गेला. तिचा प्रत्येक "स" सापासारखा आणि मागे पंख्याची घरघर. शिवाय त्याच्या शॉकमाउंटचं (माइक झुलता धरणाऱ्या चौकटीचं) रबर दुसऱ्याच आठवड्यात तुटलं आणि विकणारा फोन उचलत नाही. सगळं पुन्हा एसएम ५८ या साध्या स्टेजच्या माइकवर घेतलं. उंचावरची चमक थोडी कमी मिळते, मिळू दे. १९६६ पासून लोक त्याच्यासमोर गातायत, त्यांना काय वेड लागलं होतं?

मिक्स आठ जणांना पाठवला. पट्टी बदलते हे एकाच्याही लक्षात आलं नाही. हेच हवं होतं, तरी तीन आठवड्यांची मेहनत आठवून जरा लागलं. पण चौघांनी विचारलं, "मुखड्यात तू का नाहीस?" आहे रे बाबांनो! चौघांनीही फोनच्या स्पीकरवर ऐकलं होतं. माझी हार्मनी ३११ हर्ट्झच्या खालीच वावरते आणि तेवढ्याशा स्पीकरमधून इतके खालचे सूर नीट बाहेरच येत नाहीत. माझा ट्रॅक ३ डेसिबलने चढवला तर हेडफोनवर मी तिच्या अंगावर जातो. सॅच्युरेशनने (आवाजाला किंचित खरखर देऊन) वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर, वाढवले, तेव्हा फोनवर मी अस्तित्वात आलो, पण घशाला शेक हवा असल्यासारखा.

आज सॅच्युरेशनचे आकडे मांडणार होतो. पण हे लिहितालिहिता वाटतंय, मी तिची सावली होऊन गातोच कशाला? मुखड्याच्या प्रत्येक ओळीनंतर दोन मात्रा मोकळ्या आहेत. तिथे मी उत्तर द्यावं, मधल्या सप्तकात, तिचा सूर संपता संपता. खालची हार्मनी फक्त शेवटच्या मुखड्याला. म्हणजे आवाज वाढवायचा प्रश्नच उरत नाही, कारण तेव्हा ती गात नसते. आकडे राहू देत.

आत्ताच तिला निरोप धाडला. उत्तर आलं: "पट्टी बदलणार असशील तर मी येत नाही."

नाही बदलत. शनिवारी रेकॉर्डिंग.