आमची वाटचाल : आधी कागद, मग ॲनिमेशन

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरजवळच्या एका गाळ्यात आम्ही वेबसाइट बनवायला लागलो, तेव्हा हलतं चित्र म्हणजे फ्लॅश हे सॉफ्टवेअर, असंच समीकरण होतं. लोगो फिरत यायचा, मागे संगीत वाजायचं आणि कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’चं बटण असायचं. आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही आणि 31 डिसेंबर 2020 ला ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीनंही त्याचा पाठिंबा कायमचा बंद केला. त्या काळातल्या फाइली आज ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. संहिता आणि स्टोरीबोर्डचे, म्हणजे प्रसंगांच्या क्रमवार चित्रांचे, कागद मात्र अजून उपयोगी पडतात. त्यावरूनच काही ग्राहकांची कामं आम्ही नव्यानं उभी केली. सॉफ्टवेअर येतात नि जातात, खरी मेहनत नियोजनात घालायची, हे आमच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलंय.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं, काम आम्ही नवीन मुलांना नेहमी दाखवतो. मालकांना वेबसाइटवर दीड मिनिटाचं ॲनिमेशन हवं होतं. म्हणाले, “गेटपासनं डिस्पॅचपर्यंत सगळं दाखवा की.” आम्ही विचारलं, साहेब, बघणार कोण? तर पंप आणि व्हॉल्व्ह कंपन्यांचे खरेदी अधिकारी. त्यांनी भट्ट्या रग्गड बघितलेल्या असतात. त्यांची काळजी वेगळीच असते : कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेला भाग, आतून भरीव आहे का?

तिथंच आराखडा ठरला. भट्टी, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफसफाई), मशिनिंग हे कॅमेऱ्यानं टिपायचं. ॲनिमेशन फक्त कॅमेरा जाऊ शकत नाही तिथलं, म्हणजे वाळूच्या बंद साच्याच्या आतलं. सुमारे 1,400 अंश सेल्सिअसचा बिडाचा रस रनर या वाटेनं, मग गेट या तोंडातून साच्याच्या पोकळीत शिरतो. गार होताना धातू आकसतो. त्या वेळी राइझरमधला, म्हणजे साच्यातल्या जादा साठ्यातला, रस अजून पातळ असेल, तर तो खाली उतरून तूट भरून काढतो. राइझर आधी थिजला, तर कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. हे सगळं उभ्या छेदात, रंग बदलत दाखवायचं होतं.

स्टोरीबोर्ड घेऊन आम्ही थेट मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवायच्या, जागी गेलो. एका जुन्या मोल्डरमामांनी चौकटीवर बोट ठेवलं : “ह्या जॉबला रस वरनं पडत न्हाई, खालनं चढत येतोय.” पेन्सिलनं बाण उलटा केला, काम झालं. हीच दुरुस्ती रेंडर होऊन, म्हणजे अंतिम चित्रं तयार होऊन, झाल्यावर आली असती तर सगळा प्रसंग परत करावा लागला असता.

मग आवाज. दीड मिनिटाच्या निवेदनात साधारण 180 शब्दच नीट बसतात. म्हणून संहिता आधी मोठ्यानं वाचायची, कच्चं रेकॉर्डिंग करायचं आणि त्यावर स्टोरीबोर्डची चित्रं लावून ॲनिमॅटिक बनवायचं. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर दीड मिनिटाच्या 2,250 होतात, त्यामुळे काटछाट इथंच करून घ्यायची. क्रोमनं 2018 पासून आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ रोखले आहेत. बहुतेकांना पहिल्यांदा चित्र मुकंच दिसणार, म्हणून मजकुराच्या पट्ट्या हव्यातच. त्या वेगळ्या लेअरवर ठेवतो, हिंदी-इंग्रजी आवृत्तीला मूळ चित्राला हात लावावा लागत नाही. शिवाय छोट्या आकृत्या एसव्हीजी या हलक्या फाइल प्रकारात करतो, पान जड होत नाही.

बिलही याच टप्प्यांनी : स्टोरीबोर्डवर सही, ॲनिमॅटिकवर सही, मग शेवटचं. सहीनंतरच्या बदलाचे पैसे वेगळे, हे आधीच लिहून दिलेलं असतं. यामुळे ग्राहक दुरावतील असं काहींनी सुचवलं होतं. आमचा अनुभव उलटा आहे, कागदावर सगळं स्पष्ट असलं की मालक मंडळी जास्त मोकळेपणानं बोलतात.

सध्या एका पंप कारखान्याचं काम चालू आहे : इंपेलरमध्ये (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकात) पाणी कसं फिरतं, दाब कुठं वाढतो. स्टोरीबोर्ड त्यांच्या टेस्टिंग विभागाकडे गेलाय. तिथून खुणा होऊन आल्याशिवाय थ्रीडीची फाइल उघडायची नाही, हे आता आमच्या मुलांना सांगावं लागत नाही.