तुम्ही विचारलंत म्हणून : सरकार नको, पण सपोर्ट मीच

रविवारी रात्री आम्ही पाच जण डोटा २ हा पाच विरुद्ध पाच असा कॉम्प्युटर गेम खेळतो. मी बेचाळीसचा, बाकीचे चौघे म्हणजे माझा पुतण्या आणि त्याचे दोस्त. दोन-तीन आठवडे गेले की त्यातला कुणीतरी तोच प्रश्न काढतो, आणि आता तो तुमच्याकडूनही यायला लागलाय : "काका, तुम्ही लिबर्टेरियन. परवाना नको, सबसिडी नको, सरकारनं कशात बोट घालू नये म्हणता. मग गेममध्ये कायम सपोर्ट, म्हणजे दुसऱ्यांना सांभाळणाऱ्याची भूमिका, काय घ्यायलाय? आपलं सोनं दुसऱ्यावर घालवायचं, दुसऱ्याला वाचवताना आपण मरायचं. हे तर लाल बावट्याचं काम की ओ!"

सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगारांची अख्खी वसाहत उभी आहे. लाल बावटा म्हणजे काय, हे सोलापूरच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

माझं ठरलेलं उत्तर असं : मला सपोर्ट घ्यायला कुणी लावलेलं नाही. मी आपल्या मर्जीनं घेतो, आणि पुढच्या डावात सोडूही शकतो. स्वातंत्र्य म्हणजे स्वतःपुरतं बघणं, हे कुणी सांगितलं? उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे.

आधी माझं राजकारण कुठून आलं ते सांगतो. पुस्तकातून नाही, कांद्यातून आलं. मामांची मोहोळकडे शेती. शरद जोशींची 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मी त्यांच्या ओसरीवर ऐकत वाढलो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा मामांचा माल निघायला आला होता. भाव कोसळला. परदेशात गिऱ्हाईक उभं असताना दिल्लीतून कुणीतरी सांगतं, विकू नका. ह्यावर माझं डोकं अजून तापतं आणि तापलेलंच बरं.

पण आजोबा जुन्या मिलमध्ये होते, आणि तिथं माझी पंचाईत होते. १९४९ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी बंद पडली. १९५० मध्ये सरकारनं आधी वटहुकूम आणि मग कायदा करून कारभार आपल्या हातात घेतला. एक भागधारक सुप्रीम कोर्टात गेला, आणि १९५३ च्या डिसेंबरात कोर्टानं म्हटलं, भरपाई न देता असा ताबा घेणं म्हणजे मालमत्ता हिरावणंच. मालमत्तेच्या हक्कावरचा हा गाजलेला निकाल आमच्या गावातल्या गिरणीचा आहे, ह्याचा मला उगाचच अभिमान आहे. तत्त्वानं मी त्या भागधारकाच्या बाजूनं. आजोबांना मात्र भागधारक कोण आणि घटनेचं कलम कुठलं, ह्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यांचं एकच, "भोंगा वाजला पाहिजे." त्यांच्याशी वाद घालायची हिंमत माझ्यात आजही नाही, आणि ते जाऊन वीस वर्षं झाली.

आता गेमकडे. एक गंमत बघा. रॉबर्ट नोझिक ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाचं रात्रीच्या रखवालदाराएवढंच सरकार मागणारं पुस्तक १९७४ चं, आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळही १९७४ चाच. त्यात पहिल्यांदा तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, होते : लढणारा, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारा. चोर मागून आला. दुसऱ्याला सावरणारा माणूस लागणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

माझ्यासारख्याला खरं तर क्लास नसलेले गेम आवडायला हवेत. स्कायरिममध्ये तसंच आहे, हवं ते शिका, हवं ते व्हा. आणि होतं काय? जो तो शेवटी अंधारात दबा धरून बाण मारत बसतो. मीही तेच केलं, दोनदा. क्लासवर माझा आक्षेप नाही. जन्मानं चिकटलेल्या क्लासवर आहे. आजोबा मागावर म्हणून बाबा मागावर, आणि मीही टॉवेलच विणतो. ह्यात निवड किती आणि सवय किती, ते मला सांगता यायचं नाही.

डोटात नकाशा अंधारलेला असतो. वॉर्ड, म्हणजे टेहळणीचा खांब, रोवला की सहा मिनिटं तेवढा भाग दिसतो, आणि पाचही जणांना दिसतो. पूर्वी तो विकत घ्यावा लागे. पैसे एकाचे, उजेड पाचांना. मग घेणार कोण? सपोर्ट. बाकीचे फुकटे. शेवटी गेमच्या कंपनीनं वॉर्डच फुकट केला, म्हणजे सरकार आलं म्हणा. पोरं हे माझ्या तोंडावर मारतात. मग मी कुरिअर काढतो. दुकानातलं सामान आणणारं ते जनावर पाच जणांत एकच असायचं आणि त्याच्यावरून रोज भांडणं. आमच्या गल्लीत काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा एकानं नळाला मोटर लावली की सगळ्यांच्या मोटरी लागतात, तसलीच तऱ्हा. २०१९ च्या नोव्हेंबरात कंपनीनं प्रत्येकाला स्वतःचं कुरिअर दिलं आणि भांडण मिटलं. खासगी मालकी! एक डाव त्यांचा, एक माझा.

गेल्या रविवारी मात्र मी हट्टानं कॅरी, म्हणजे सोनं जमवून शेवटी डाव जिंकून देणारा, घेतला, सपोर्ट पुतण्याच्या दोस्ताला दिला. म्हटलं, बघू तरी. वीस मिनिटं नकाशा काळाकुट्ट. वॉर्ड दुकानात पडून होते, फुकट, आणि एकही लागलेला नव्हता. तो पोरगा म्हणाला, "काका, तिकडं गेलं की मारतात की."

किमतीचा हिशेब मी इतकी वर्षं मांडत होतो, तिकडं चालत कोण जाणार ह्याचा कधी मांडलाच नव्हता. सोनं गोळा करणं सोडून मी दोन वॉर्ड उचलले आणि नदीपलीकडच्या टेकाडावर गेलो. एक रोवला. दुसरा रोवण्याआधी तिघांनी घेरलं.

हेडफोनमधून पुतण्या ओरडला, "काय करायलाय बे!" मग जरा थांबून, "...ओ काका."