मावशी, तुझे जीन झोपले नव्हते गं

परवा नौपाड्याला मावशीकडे गेले होते. तिला स्तनाचा कॅन्सर आहे. बायोप्सीचा रिपोर्ट आलाय, हर-टू थ्री प्लस, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रोटीन खूप जास्त आहे. चहा टाकता टाकता ती म्हणाली, "अगं पण माझी बीआरसीए टेस्ट निगेटिव्ह आहे, म्हणजे कॅन्सर आवरणारे जीन चांगलेच आहेत की, मग ते काय झोपले होते?" ऐरोलीला येताना लोकलमध्ये तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून इथे लिहितेय.

पहिलं म्हणजे ती टेस्ट बीआरसीए नावाच्या कॅन्सर रोखणाऱ्या जीनमध्ये फक्त जन्मापासून आलेला बिघाड बघते. आणि जीन धड असला तरी त्याचं काम बंद पाडता येतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. स्तनाच्या पेशींना वाढीचे निरोप लागतातच, वयात येताना, गरोदरपणात. निरोप आला की पेशीत सायक्लिन डी नावाचं प्रोटीन वाढतं, ते आरबी नावाच्या राखणदार प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवायला लावतं, आरबीची पकड सुटते आणि पेशी डीएनएची कॉपी काढायला घेते. निरोप थांबला की आरबी परत पकड घेतं, असं ते रोजचं चाललेलं असतं.

हर-टूचं वेगळंच. तो पेशीवरचा निरोप घेणारा रिसेप्टर, पण त्याला स्वतःचा असा निरोप्या सापडलेलाच नाही, आणि संख्या खूप वाढली की ते एकमेकांशीच जोड्या लावतात आणि बाहेरून काही न येताही आत "वाढ, वाढ" सुरू राहतं. मग आत एकेटी नावाचं प्रोटीन जागं होतं, ते एमडीएम-टू या दुसऱ्या प्रोटीनला कामाला लावतं, एमडीएम-टू पी५३ ला, म्हणजे कॅन्सर आवरणाऱ्या प्रोटीनला, खूण लावतं आणि पेशी ते पी५३ मोडीत काढते. म्हणजे पी५३ चा जीन शाबूत, त्यापासून प्रोटीनही बनतंय, पण टिकूच देत नाहीत! एकेटीला लगाम घालायला पीटेन नावाचा आणखी एक राखणदार असतो, काही गाठींमध्ये तोही हरवलेला असतो, तेव्हा प्रकरण जास्त अवघड होतं.

मावशीला फोनवर एवढंच सांगितलं की तुझे जीन झोपले नव्हते, त्यांना काम करू दिलं जात नव्हतं, आणि ट्रास्टुझुमॅब हे औषध नेमकं त्या हर-टूलाच जाऊन धरतं. अमेरिकेत १९९८ पासून ते वापरात आहे. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितलाय, तो शुक्रवारी आहे, मी सुट्टी टाकलीये.