तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, कमरेतून भूल चालेल का?

मी भूलतज्ज्ञ. सिझर ठरलं की नातेवाइकांपैकी कुणीतरी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतं, "डॉक्टर, हिला एचआयव्ही आहे. कमरेत सुई दिल्यावर तो मेंदूत नाही ना जाणार?"

शंका खुळी नाही. एके काळी आम्हा डॉक्टरांनाही ती होती. पण हा विषाणू लागण झाल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांतच मज्जासंस्थेत पोचलेला असतो, सुईने नव्याने नेण्यासारखं काही उरत नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या अशा बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमरेतून भूल दिल्याने त्यांचा आजार बळावलेला दिसला नाही. "त्यापेक्षा पूर्ण भूलच द्या" हा सल्ला मला उलटा वाटतो. भरल्या दिवसांत बेशुद्ध केलं तर पोटातलं फुप्फुसात जाण्याची भीती जास्त, घसा सुजलेला, श्वासनलिकेत नळी घालणं अवघड. कोविडमध्येही आम्ही शक्यतो ही कमरेतली, म्हणजे अर्धी भूलच दिली, कारण नळी घालताना उडणारे तुषार टाळायचे होते.

मला धास्ती असते ती डेंग्यूची, आणि तिच्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं.

इथे प्रश्न रक्त गोठण्याचा असतो. हाताला सुई टोचल्यावर रक्त आलं तर कापसाने दाबता येतं. मणक्याच्या आत हाडांनी बंद केलेल्या जागेत ते साचलं तर नसा दाबल्या जातात, पाय लुळे पडू शकतात. असं फार क्वचित होतं, पण झालं तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ७०,०००च्या वर असतील आणि रक्तस्रावाची दुसरी खूण नसेल, तर हा धोका फार कमी मानतात. मात्र डेंग्यूत आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात, नेमक्या त्याच सुमारास पेशी झपाट्याने घसरतात. सकाळचा रिपोर्ट संध्याकाळी माझ्या कामाचा नसतो. शिवाय कमरेतली भूल दोन प्रकारची. स्पायनल म्हणजे एकदाच टोचून दिलेली, तिची सुई बारीक. एपिड्युरलची सुई जाड, आणि औषध देत राहण्यासाठी पाठीत बारीक नळी ठेवलेली असते. ती काढतानाही पेशी पुरेशा हव्यात. काविळीत यकृत बिघडलं असेल तर पेशींबरोबर रक्त गोठण्याची तपासणीही मी मागतो.

ओठावर हर्पिसचे फोड येणाऱ्या बायकांसाठी एक आडवळणाची गोष्ट: मणक्यातून मॉर्फिन हे वेदनाशामक दिलं तर ते फोड बाळंतपणानंतर पुन्हा उठू शकतात. आईला त्रास किरकोळ, पण नवजात बाळाला तो संसर्ग जिवावरचा ठरू शकतो. फोड असेपर्यंत मास्क लावायचा, हात धुऊन बाळाला घ्यायचं, पापी घ्यायची नाही. फोड स्तनावर नसतील तर दूध पाजायला हरकत नाही.

ताप कधी आला, हिरड्यांतून रक्त येतं का, हे न विचारताच सांगत जा. पोटावर टोचायचं रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं किती वाजता घेतलं, तेही.