अठरा जुळले की बास

बेळगावच्या शहापुरात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका, फ्लेक्स. तुळशीचं लग्न उरकलं की बायोडाटावाल्यांची रांग लागते. मराठी प्रत श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये करायची, कन्नड प्रत नुडीत, कारण आत्या कोल्हापूरला असते आणि मध्यस्थ बैलहोंगलचा. जन्मस्थळाच्या रकान्यात दर वेळी गंमत होते. मराठी प्रतीत 'बेळगाव', कन्नड प्रतीत 'बेळगावी', कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे. इंग्रजी प्रतीत मात्र जुन्या दाखल्यावरचं स्पेलिंग तसंच उतरवलेलं, ते वाचलं की होतं 'बेलगाम'. जन्मस्थळ बेलगाम आणि खाली स्वभाव शांत.

मागच्या आठवड्यात वडगावची एक बाई मुलाला घेऊन आली. स्वभावाच्या रकान्यात काय घालू, असं मी विचारलं. "घाला की भाऊ. शांत, मनमिळाऊ, निर्व्यसनी, थोरामोठ्यांना मान देणारा." मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. "आणि अजिबात रागीट नाही म्हणून घाला." तो "आई, बास की आता!" असा खेकसला की शेजारच्या झेरॉक्स मशीननंसुद्धा एक कागद गिळला. मी 'शांत' टाइप केलं.

वीसेक वर्षं हे टाइप करतोय. दोष असलेला एकही माणूस माझ्या हातून उतरलेला नाही. सर्वगुणसंपन्न माणूस कुठे बघायला मिळेल, असं कुणी विचारलं तर मी त्याला खुर्ची देऊन आमच्या कॉम्प्युटरसमोर बसवीन. फोल्डरचे फोल्डर भरलेत.

ही मागणी आजची नाही. रामायणाची सुरुवातच तशी आहे. बालकांडाच्या पहिल्या सर्गात वाल्मीकी नारदांना विचारतात, सध्या या जगात गुणवान, पराक्रमी, धर्म जाणणारा, उपकार स्मरणारा, खरं बोलणारा असा कोण आहे? यादी संपता संपत नाही. जाणकार मोजून सोळा गुण सांगतात. दिसायला देखणा हवा, हेसुद्धा त्यात आहे, म्हणजे स्थळ बघणाऱ्या मंडळींना उगाच नावं ठेवू नयेत. राग जिंकलेला हवा, आणि लगेच पुढे, रणात रागावला तर देवांचीही गाळण उडाली पाहिजे. नारद मुरलेले मध्यस्थ. ते आधी म्हणतात, एवढे गुण एका ठिकाणी मिळणं दुर्लभ, आणि मग एक नाव सुचवतात. त्या नावालाही पुढे एका परटानं बोल लावलाच, ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहे.

मला तर पत्रिकेचा हिशेब जास्त शहाणा वाटतो. गुण एकंदर ३६. वर्णाचा १, वश्याचे २, असे चढत चढत गणाचे ६ आणि नाडीचे ८. त्यातले १८ जुळले की लग्न ठरवायला हरकत नाही. निम्म्यावर पास! इतका उदार पेपर शाळेत मिळाला असता तर गणितानं माझा एवढा छळ केला नसता. आणि पूर्ण गुणांचा तो आकडा तरी बघा, ३६. एकमेकांकडे पाठ करून बसलेले तीन आणि सहा. भांडणाला आपण छत्तीसचा आकडा म्हणतो तो याच्यावरूनच.

माझा स्वतःचा बायोडाटा ट्रंकेत सापडला. आत्यानं फुलस्केपवर लिहिलेला, 'सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही.' आत्या खोटं बोलली नव्हती. सुपारी नव्हतीच, खिशात निपाणीची तंबाखू होती. खाली 'गण: राक्षस'. बायको मनुष्यगणाची. भटजींनी गणाचे सहाच्या सहा कापले, तरी १९ उरले आणि आम्ही पास झालो. बायकोला कागद दाखवला, तर तिनं सगळे गुण सोडून गणावर बोट ठेवलं. "एवढं एक तुमच्या आत्यानं खरं लिहिलंय."

बोलताना आपण फार जपून असतो हेही खरं. 'देवमाणूस' कुणाला म्हणतात? ज्यानं उसने दिले आणि परत मागितले नाहीत त्याला. मुलगी द्यायची वेळ आली की त्याचं नाव निघत नाही. तिथं 'माणूस बरा आहे' एवढंच चालतं, आणि ते ऐकून बाप निश्चिंत होतो. आमच्या गल्लीतले कन्नड शेजारी 'भाळ छलो मनुष्या', म्हणजे फार चांगला माणूस, म्हणतात, त्यातही गुणांची यादी नसते. हात नुसता हवेत एकदा हलतो, झालं.

बायोडाटानंतर तीच विशेषणं पुन्हा टाइप होतात ती थेट श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर. मधली चाळीस-पन्नास वर्षं त्या माणसाला कुणी मनमिळाऊ म्हणत नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे शब्द मराठी आणि कन्नड दोन्हींत तेच, फक्त फॉन्ट बदलायचा. मजकूर तयार असतो. फोटो आणि नाव घातलं की फ्लेक्स प्रिंटिंगला.

पावसाळ्याच्या तोंडाला शेजारच्या गल्लीतल्या एक मावशी आल्या. तेराव्यासाठी नवऱ्याचा फ्लेक्स हवा होता. मी नेहमीचा नमुना स्क्रीनवर लावला. मावशींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"हे कोण रे?"

"मावशी, फोटो काकांचाच आहे की."

"फोटो ह्यांचा आहे. खालचं कुणाचं आहे?"

मी गप्प.

"शांत काढ. लोक हसतील. ह्यांचा आवाज कोपऱ्यावर ऐकू यायचा. मनमिळाऊ पण काढ, सख्ख्या भावाशी सहा वर्षं बोलले नाहीत."

"मग काय घालू?"

त्या बराच वेळ विचार करत बसल्या. "नळाला पाणी यायची रात्र असली की तीनला उठायचे. सगळ्या गल्लीच्या कड्या वाजवायचे, ओरडून ओरडून उठवायचे. माणसं शिव्या घालायची, पण घागरी भरायची. ते लिहिता येतंय काय?"

मी लिहून बघितलं. दोन ओळींत बसेना, आणि बसवलं तर नगरपालिकेची नोटीस वाटायला लागली. त्याच म्हणाल्या, "राहू दे. नुसतं नाव ठेव. गल्लीला माहीत आहे."

तसाच केला. फोटो, नाव, दोन तारखा. फ्लेक्स ओका-ओका दिसत होता, पैसे घेताना मलाच अवघडल्यासारखं झालं.

पंधरा दिवसांनी त्याच गल्लीतला एकजण रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आला. डोळे तांबारलेले, तोंड वाकडं.

"काय हो, तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय झालंय? रात्री पाणी येऊन गेलं. कुणी उठवलंच नाही."